व्हिएतनाम युद्धातल्या टेहळणी विमानाचं मॉडेल रंगवताना: पांढरा पंख, राखाडी पोट आणि कामाचा क्रम

ओ-१ बर्ड डॉग, ओ-२ए स्कायमास्टर किंवा ओव्ही-१० ब्राँको, यातलं कुठलंही मॉडेल हातात घेतलं की बहुतेक जण एकाच जागी चुकतात. विमान युद्धातलं आहे, खाली जंगल आहे, म्हणजे वरून हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज असणारच असं धरून चालतात आणि रंगवून मोकळे होतात. काही जण राखाडी बरोबर देतात पण पंखाच्या वरची पांढरी बाजू बघून "हे काहीतरी किटवाल्यांचं चुकलंय" म्हणून ती सोडून देतात. आणि तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते, पांढरा पंख नीट रंगवायचा आणि मग वेदरिंगच्या नादात त्याच्यावर इतका मळ चढवायचा की तो पांढरा होता हेच कळू नये.

हे तिन्ही टाळायचं तर ब्रश उचलायच्या आधी एक गोष्ट पक्की करावी लागते, की हे विमान कोणाला दिसायला हवं होतं आणि कोणाला नको होतं. ते कळलं की कुठला रंग कुठे हे पाठ करावं लागत नाही. हा लेख मुख्यतः अमेरिकन हवाई दलाच्या १९६५ ते १९७२ च्या आसपासच्या विमानांबद्दल आहे, स्केल १/४८ किंवा १/७२ धरलंय, पण क्रम कुठल्याही स्केलला तोच.

## टप्पा १: कोण कुठून बघतंय ते कागदावर लिहा

खरंच लिहा, मनात नको. तीन ओळी पुरतात.

वरून कोण बघतंय? आपलीच फायटर. या टेहळणी विमानातला पायलट म्हणजे फॉरवर्ड एअर कंट्रोलर, सगळे फॅक म्हणतात. त्याचं काम खाली हळू घिरट्या घालून लक्ष्य शोधायचं, त्यावर पांढऱ्या फॉस्फरसचं धूर सोडणारं रॉकेट मारून खूण करायची आणि मग वरच्या जेटना "धुराच्या इतकं उत्तरेला टाका" असं सांगायचं. जेटच्या पायलटला बॉम्ब टाकायच्या आधी फॅक कुठे आहे ते डोळ्यांनी दिसलंच पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांवर आदळायची भीती, नाहीतर फॅक बॉम्बच्या खालीच सापडायचा. आता हिशोब बघा, जेट ताशी ८०० किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला साधारण २२० मीटर जातं, म्हणजे एक किलोमीटर साडेचार सेकंदात संपतं. ओ-२ए चा पंख ११.६३ मीटर लांब, एक किलोमीटरवरून तो पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडासाच रुंद दिसतो आणि तोही एक बारीक आडवी रेघ म्हणून. खाली गडद हिरवं जंगल. अशात पंखसुद्धा हिरवा केला तर संपलंच. म्हणून वर पांढरं.

खालून कोण बघतंय? शत्रूचा मशीनगनवाला. त्याच्यासाठी पार्श्वभूमी म्हणजे उजळ आकाश. आकाशासमोर कुठलंही विमान काळपटच दिसतं कारण त्याच्या पोटावर थेट ऊन पडत नाही, जमिनीवरून परतलेला थोडा उजेड काय तो पडतो. फिकट राखाडी दिला तर तो काळपटपणा थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. रंगाने हा प्रश्न सुटत नाही म्हणूनच तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने ॲव्हेंजर विमानाच्या पुढच्या कडांना दिवे लावून बघितले होते, म्हणजे विमानाचा उजळपणा आकाशाइतका करायचा. फॅकच्या विमानात असलं काही नव्हतं, तिथे फिकट राखाडीवरच भागवलं.

बाजूने कोण बघतंय? दोघंही, आणि जमिनीवर उभं असताना तळावरचे लोक. बाजूचा रंग त्यामुळे तडजोडीचा, तोच राखाडी.

इथे तपासा: तुमच्या तीन ओळीत "वरून" समोर "आपले" आणि "खालून" समोर "शत्रू" लिहिलंय का. उलट असेल तर रंगही उलटतो. दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा, जून १९४४ मध्ये, दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारले ते आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून, आणि महिनाभराने पुढच्या तळांवर उभी असलेली विमानं वरून शत्रूला दिसायला लागतील म्हणून वरच्या बाजूचे पट्टे आधी काढायला सांगितले, खालचे राहिले. म्हणजे एकाच विमानाच्या दोन बाजूंचा दोन वेगळ्या डोळ्यांसाठी विचार झालेला. तुम्ही दुसऱ्या कुठल्या युद्धातलं टेहळणी विमान करत असाल तरी ह्याच तीन ओळी लिहा.

## टप्पा २: एक विमान, एक तारीख, एक बाजू निवडा

"ओ-२ए, व्हिएतनाम" एवढं पुरत नाही. शेपटीवरचा सिरियल नंबर ठरवा, ते विमान कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं ते ठरवा. हवाई दलाची फॅक स्क्वाड्रन म्हणजे टॅक्टिकल एअर सपोर्ट स्क्वाड्रन, १९ वी ते २३ वी, आणि २३ वी थायलंडमधल्या नाखोन फानोमहून हो ची मिन्ह ट्रेलवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या लाओसमधून जाणाऱ्या रसदीच्या वाटेवर, उडायची. हे का महत्त्वाचं ते शेवटी काळ्या विमानांच्या भागात येईल.

फोटो जमवताना ही काळजी घ्या:

त्याच विमानाचे किमान दोन कोन हवेत आणि त्यातला एक वरून किंवा पंखाच्या पातळीवरून. जमिनीवरून काढलेल्या फोटोत ह्या वर पंख असलेल्या विमानांच्या पंखाची वरची बाजू दिसतच नाही, म्हणूनच लोकांना पांढरं आहे हेच माहीत नसतं. हवेत दुसऱ्या विमानातून काढलेला फोटो मिळाला तर सोनं.

म्युझियममधल्या विमानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती नंतर परत रंगवलेली असतात, कधी चमक वेगळी, कधी राखाडी वेगळा, कधी खुणा दुसऱ्याच विमानाच्या. आकार, पॅनलच्या रेघा, अँटेना यासाठी म्युझियमचे फोटो उत्तम, रंगासाठी नाही.

जुन्या रंगीत फोटोतली छटा मोजू नका. फिल्म जुनी होते, निळी किंवा लालसर होते. फोटोतून फक्त हे घ्या की कुठला भाग कुठल्या भागापेक्षा उजळ आहे आणि सीमारेषा कुठून जाते. छटा नंबरवरून घ्या, ते पुढे सांगतो.

चेतावणी: पांढरं पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत आहे, की मधेच थांबतं, की कडेला राखाडी सोडलंय, हे विमानागणिक बघा. किटच्या कागदावरचं चित्र एका विमानाचं असतं, आणि डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) दुसऱ्या विमानाचं लावून सीमारेषा पहिल्याची ठेवणं ही चूक फार होते.

## टप्पा ३: रंगाचा नंबर वाचायला शिका, मग बाटली घ्या

अमेरिकन विमानांचे रंग एफएस, म्हणजे फेडरल स्टँडर्ड, नंबरने ओळखतात, पाच आकडे. पहिला आकडा चमक सांगतो, १ म्हणजे ग्लॉस, २ म्हणजे सेमी-ग्लॉस, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचं कुटुंब, ४ हिरवा, ६ राखाडी, ७ मध्ये काळा-पांढरा वगैरे. हे दोनच आकडे लक्षात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

आपल्याला लागणारे:

- राखाडी: एफएस १६४७३. हाच एडीसी ग्रे, काही बाटल्यांवर एअरक्राफ्ट ग्रे लिहिलेलं असतं. मिस्टर हॉबीच्या पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये हा एच ५७.
- पांढरा: एफएस १७८७५.
- काळा, अँटी-ग्लेअरसाठी (विंडस्क्रीनपुढचा ऊन परतू न देणारा भाग): एफएस ३७०३८, मॅट.

आणि हे घ्यायचे नाहीत: एफएस १६४४० हा नौदलाचा लाइट गल ग्रे, तो वेगळा, उबदार. एफएस ३६६२२ हा जेटच्या तीन रंगी कॅमोफ्लाजच्या पोटाचा फिकट राखाडी, तो तर इतका फिकट की पांढऱ्या पंखाशेजारी ठेवला तर फरकच दिसत नाही आणि सगळी मेहनत वाया. दुकानात "यूएस एअर फोर्स ग्रे, व्हिएतनाम" मागितलं की हाच हातात पडायची शक्यता खूप, म्हणून नंबर वाचून घ्या.

जेटच्या त्या कॅमोफ्लाजचे बाकीचे नंबर म्हणजे ३०२१९ टॅन, ३४१०२ हिरवा आणि ३४०७९ गडद हिरवा. ते तुमच्या टेबलावर असतील तर ह्या कामापुरते डब्यात ठेवा. हे फॅकच्या विमानाचे रंग नाहीत. आर्मीचे बर्ड डॉग मात्र ऑलिव्ह ड्रॅब होते आणि मरीनचे ब्राँको हिरवे, तेव्हा आधी ठरवा विमान कोणाचं, हवाई दलाचं की दुसऱ्या कोणाचं. हा लेख हवाई दलाच्या राखाडी विमानांचा.

स्केलचा विचार: १/७२ वर पूर्ण गडद राखाडी जास्तच गडद वाटतो, कारण खरं विमान आपण लांबून बघतो आणि मधली हवा रंग फिकट करते. थोडा पांढरा मिसळा, दहा भागात एक भाग पुरे. पांढऱ्यात उलट राखाडीचा एक थेंब, निव्वळ पांढरा छोट्या मॉडेलवर प्लास्टिकसारखा दिसतो. पण दोन्ही एकमेकांकडे फार सरकवू नका, त्यांच्यातला फरक हाच या मॉडेलचा जीव आहे.

इथे तपासा: प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर राखाडी आणि पांढरा शेजारी शेजारी मारा, वाळू द्या, फोनवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन पट्ट्यांमधली रेघ सहज दिसली पाहिजे. डोळे बारीक करून शोधावी लागली तर राखाडी फार फिकट झालाय.

## टप्पा ४: जोडणी, पण रंगाचा विचार करून

इथे सगळी जोडणी सांगत नाही, फक्त रंगाशी संबंध असलेलं.

नाकात वजन आधी भरा. ओ-२ए ला मागेही इंजिन आणि दोन शेपटीचे दांडे, ब्राँकोलाही दोन दांडे, दोघंही तीन चाकांवर उभी राहतात, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतंच बसतं. रंग झाल्यावर लक्षात आलं तर नाक उघडावं लागतं. सुकी जोडणी करा, टेपने सगळे भाग धरा, मुख्य चाकांच्या जागी काडी ठेवून तोल बघा, नाक खाली गेलं पाहिजे, आणि वर थोडं जास्तीचं वजन टाका कारण रंग, डिकल, मागचा प्रॉपेलर हे सगळं नंतर वाढणार.

पंखाचे टेकू, म्हणजे स्ट्रट, आत्ता लावू नका. ओ-१ आणि ओ-२ए दोन्हीला ते आहेत आणि ते लावले की पंखाच्या खाली एअरब्रश सरळ पोचत नाही, कोपऱ्यात खरबरीत रंग बसतो. वेगळे रंगवा आणि शेवटी लावा. तसंच रॉकेट पॉड, अँटेना, प्रॉपेलर, चाकांची दारं, सगळं वेगळं.

काचांचं मास्किंग, म्हणजे रंग लागू नये म्हणून टेपने झाकणं, मोजून करा. ओ-२ए च्या उजव्या दारात खालीही काच आहे आणि छपरातही, कारण आतून खाली आणि वर जास्त बघता यावं. ह्या जास्तीच्या काचा मास्क करायच्या राहून जातात आणि मग तिथे राखाडी जातो.

चेतावणी: काच चिकटवायला साधा सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचेसाठीचा किंवा पांढरा गोंद वापरा.

## टप्पा ५: प्रायमर

पूर्ण मॉडेलला फिकट राखाडी किंवा पांढरा प्रायमर. काळा प्रायमर अजिबात नको, त्याच्यावर पांढरा बसवायला सहा थर लागतात आणि पॅनलच्या रेघा भरून जातात. काचेच्या चौकटींवर मात्र आधी आतल्या रंगाचा पातळ थर मारा, मग प्रायमर, म्हणजे आतून बघितलं तर चौकट पांढरी दिसणार नाही.

प्रायमर वाळला की पंखाच्या वरच्या बाजूला बोट फिरवा. पांढरा रंग खडबडीतपणा लपवत नाही, उलट दाखवतो. सांध्याची रेघ दिसत असेल तर आत्ताच घासून घ्या, पुढे जागा मिळणार नाही.

लॅकर प्रायमर मारताना खिडकी उघडी आणि तोंडाला रेस्पिरेटर मास्क. कापडी मास्क वाफ थांबवत नाही.

## टप्पा ६: आधी पांढरा, मग राखाडी. उलट नाही

हा क्रम पाळला नाही म्हणून सगळ्यात जास्त मॉडेल बिघडतात. माणूस साहजिक विचार करतो की जास्त भाग राखाडी आहे तर तो आधी, आणि पांढरा मागून एका जागी. पण पांढऱ्याची झाकायची ताकद कमी, राखाडीवर पांढरा नीट बसवायचा तर थर वाढतात, आणि जिथे मास्किंग टेपची कड होती तिथे जाड पायरी तयार होते, बोट फिरवलं की लागते. पांढऱ्यावर राखाडी मात्र दोन थरात झाकतो.

१. पंखाच्या वर पांढरा पातळ थरांत मारा. पहिला थर इतका पातळ की खालचा प्रायमर दिसेल, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा, मग तिसरा. एअरब्रशचा दाब १५ पीएसआयच्या आसपास आणि रंग दुधाइतका पातळ. पांढऱ्यात पिगमेंट जड असतं, मधून मधून कप ढवळा नाहीतर सुईच्या टोकाला गाठ होते आणि थुंकते.

२. सीमारेषेच्या पलीकडे ५-६ मिलिमीटर जास्त जाऊ द्या. नंतर राखाडी ते खाऊन टाकेल.

३. वाळू द्या. लॅकरला काही तास पुरतात, ॲक्रिलिकला मी पूर्ण रात्र ठेवतो आणि इनॅमल असेल तर दोन दिवस. घाई केली तर टेपबरोबर पांढरा निघतो, आणि तो निघतो तो मध्यभागीच.

४. टेप लावायच्या आधी ती हाताच्या मागच्या बाजूला एकदा चिकटवून काढा, चिकटपणा कमी होतो. कड बारीक टेपने, बाकी जागा रुंद टेपने किंवा कागदाने. ओ-२ए वर पंख आणि शेपटीचा दांडा जिथे मिळतो तो वळण घेणारा भाग नीट मास्क होत नाही, तिथे २ मिलिमीटरच्या बारीक तुकड्यांनी वळण घ्या, एक लांब पट्टी ओढून ताणून लावली की अर्ध्या तासाने ती सुटते.

५. कड बोटाच्या नखाने दाबा आणि मग पांढऱ्याचाच एक पातळ फवारा टेपच्या कडेवर मारा. टेपखाली काही शिरायचं असेल तर पांढरा शिरेल, आणि राखाडी आला तेव्हा फट भरलेली असेल. ही एकच युक्ती केली तरी रेघ एकदम कापल्यासारखी येते.

६. आता राखाडी. पोट, बाजू, शेपटी, पंखाखाली. टेपच्या कडेजवळ एअरब्रश टेपकडून मॉडेलकडे रोखा, कधीच उलट नाही, नाहीतर हवा टेपच्या कडेखाली घुसते.

७. राखाडी हाताला कोरडा लागला की लगेच टेप काढा, पूर्ण कडक व्हायची वाट बघू नका. स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला अगदी लागून, हळू.

इथे तपासा: दिवा पंखाच्या टोकाकडून तिरपा धरा आणि सीमारेषा बघा. पायरीची सावली पडत असेल तर २००० किंवा त्याहून बारीक ग्रिटच्या ओल्या कागदाने फक्त कडेवरून हलका हात फिरवा.

अँटी-ग्लेअर, म्हणजे विंडस्क्रीनपुढचा मॅट काळा भाग, यानंतर. त्याचा आकार फोटोतून घ्या. पायलटच्या डोळ्यात नाकावरचं ऊन परतू नये म्हणून तो आहे, म्हणून तो मॅटच राहिला पाहिजे, बाकी विमानाला ग्लॉस दिला तरी.

## टप्पा ७: डिकल लावायच्या आधी लांबून बघायची परीक्षा

हा टप्पा बहुतेक जण करतच नाहीत आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मॉडेल आपण वीतभर अंतरावरून बघतो आणि ह्या विमानाचा रंग किलोमीटरवरून बघायला दिलेला होता.

हिशोब सोपा. खरं अंतर भागिले स्केल. एक किलोमीटर म्हणजे १/७२ ला साधारण १४ मीटर आणि १/४८ ला साधारण २१ मीटर. लांब गॅलरी, जिना किंवा गच्ची शोधा. जमिनीवर गडद हिरवा कागद किंवा कापड पसरा, त्याच्यावर मॉडेल ठेवा, तितक्या अंतरावर उंच जागी जा आणि खाली बघा. पांढरा पंख एक छोटी उजळ रेघ म्हणून लगेच सापडतो, राखाडी दांडे आणि शेपटी जवळजवळ हरवतात. आता शेजारी जुनं कॅमोफ्लाजवालं मॉडेल ठेवा आणि परत बघा. एकदा हा फरक डोळ्यांनी बघितला की पांढऱ्यावर मळ चढवायला हात धजत नाही.

मग तेच मॉडेल खिडकीत आकाशासमोर धरा आणि खालून बघा. पोट राखाडी आहे, तरी काळपट दिसतं. पंखाचा वरचा पांढरा खालून दिसतच नाही, म्हणजे वर पांढरा देऊन जमिनीवरच्या शत्रूला काही फुकट दिलेलं नाही, निदान विमान सरळ उडत असताना तरी. ते वळायला तिरपं झालं की पलीकडच्या टेकडीवर बसलेल्याला पंखाची वरची बाजू दिसायची, तो धोका होताच, आणि फॅक लोक तो पत्करायचे कारण वरच्या जेटला न दिसणं जास्त धोक्याचं.

चेतावणी: कापडाऐवजी पांढऱ्या टेबलावर परीक्षा घेऊ नका, उलटाच निकाल येईल आणि तुम्ही चांगला रंग बिघडवाल.

## टप्पा ८: ग्लॉस आणि डिकल

पूर्ण मॉडेलला ग्लॉस क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक चमकदार वार्निशचे, दोन पातळ थर, अँटी-ग्लेअर मास्क करून. एफएस १६४७३ चा पहिला आकडाच १, म्हणजे मुळात रंग ग्लॉस, त्यामुळे ग्लॉस बाटली वापरली असेल तर हे थर सोडले तरी चालतं, पण मॅट बाटली वापरली असेल तर क्लिअर हवाच, नाहीतर डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

पांढऱ्या पंखावरच्या डिकलची एक खास अडचण असते. डिकलची पारदर्शक फिल्म जुनी असेल तर पिवळी पडते, आणि पांढऱ्यावर ती पिवळी चौकट लगेच उठून दिसते. वरचं चिन्ह लावायच्या आधी त्याची फिल्म अगदी काठापर्यंत कापून घ्या. पिवळी असेल तर डिकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीत चिकटवा, बरंच फिकट होतं.

चिन्ह कुठल्या पंखावर ते बघा. अमेरिकन तारा-पट्टी वरून डाव्या पंखावर आणि खालून उजव्या पंखावर, दोन्हीकडे एकेकच. चारही जागी लावणं ही नेहमीची चूक.

लाओसमध्ये उडणाऱ्या, रेव्हन नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन फॅकच्या बर्ड डॉगवर अमेरिकन हवाई दलाच्या खुणा नसायच्या. तसं विमान करत असाल तर हा टप्पा जवळजवळ रिकामा जातो, आणि मग राखाडीचा पृष्ठभाग निर्दोष हवा कारण लपायला काही नाही.

## टप्पा ९: मळ, पण हात राखून

कच्च्या धावपट्टीची लाल माती हा व्हिएतनामच्या विमानाचा खरा मळ. ती खालून वर चढते. चाकं, चाकांचे पाय, पोटाचा मागचा भाग, ओ-२ए ला मागच्या प्रॉपेलरच्या आसपास, शेपटीच्या दांड्यांची आतली बाजू. पिगमेंट पावडर किंवा खूप पातळ केलेलं तांबूस तेलरंग वापरा आणि खालपासून सुरू करून वर जाताना कमी करत न्या.

एक्झॉस्टचा काजळपट्टा हवेच्या दिशेने मागे, मध्यभागी गडद आणि कडेला विरत गेलेला. रॉकेट पॉडच्या मागच्या तोंडालाही काजळी द्या, रॉकेट सुटताना ज्वाळा तिकडून निघते. पॉडच्या पुढच्या तोंडाला काळं फासलेलं बरेचदा बघतो, मागचं तोंड स्वच्छ ठेवून. जोर मागेच हवा.

आणि वरचा पांढरा पंख. त्याच्यावर मेकॅनिक इंधन भरायला चढायचे, तेव्हा इंधनाच्या झाकणांभोवती थोडे डाग आणि पुसट पायाचे ठसे चालतात. पॅनलच्या रेघांना काळा वॉश (रेघेत भरायचा खूप पातळ रंग) नको, फिकट राखाडी वॉश द्या आणि तोही पुसून जवळजवळ काढा. पांढऱ्यावर काळ्या रेघा मारल्या की पंख चौकटीच्या कागदासारखा दिसतो, आणि टप्पा ७ मधली उजळ रेघ लांबून राखाडी होते.

इथे तपासा: वेदरिंग झाल्यावर टप्पा ७ परत करा, तितक्याच अंतरावरून. पंख आता पहिल्याइतका लवकर सापडत नसेल तर मळ कमी करा. पिगमेंट असेल तर ओल्या ब्रशने निघतो, म्हणून हे क्लिअर मारायच्या आधीच बघायचं.

## टप्पा १०: रात्रीचं काळं विमान करायचं असेल तर

नाखोन फानोमहून रात्री ट्रेलवर उडणाऱ्या काही ओ-२ए काळ्या रंगवलेल्या होत्या. तिथे टप्पा १ च्या तीन ओळी बदलतात. रात्री वरच्या जेटला रंग दिसतच नाही, पांढरा असो की काळा, म्हणजे पांढऱ्याचा फायदा गेला, आणि खालून चांदण्यात किंवा फ्लेअरच्या उजेडात फिकट पोट चमकतं, म्हणजे राखाडीचा तोटा वाढला. म्हणून काळा. दिवसाच्या विमानाच्या मॉडेलला "जरा वेगळं" म्हणून काळा देऊ नका आणि काळ्या विमानाला वर पांढरा पंखही ठेवू नका, दोन वेगळे विचार आहेत ते.

काळं करताना निव्वळ काळा टाळा, त्यात थोडा गडद राखाडी मिसळा, नाहीतर पॅनल, रिव्हेट, सांधे सगळं अंधारात जातं. फिनिश मॅट. हात लागलेल्या जागा, दाराच्या कडा, इंजिनची झाकणं, इथे रंग थोडा घासलेला, करडा. लाल माती काळ्यावर फार उठून दिसते, तेव्हा राखाडी विमानाच्या निम्मी द्या.

## शेवटचा थर आणि उरलेले भाग

राखाडी विमानाला वरून सेमी-ग्लॉस क्लिअर. नवा रंग ग्लॉस होता पण ऊन, धूळ आणि पावसाने त्याची चमक उतरायची. पूर्ण मॅट केलं तर ते जेटसारखं दिसतं, पूर्ण ग्लॉस ठेवलं तर खेळण्यासारखं. अँटी-ग्लेअरवर वेगळा मॅट, ब्रशने चालतो.

मग टेकू, पॉड, अँटेना, प्रॉपेलर ह्या क्रमाने लावा, आतून बाहेर, म्हणजे लावलेलं मोडत नाही. काचांचे मास्क सगळ्यात शेवटी, आणि ते काढताना लाकडी टूथपिक वापरा, सुई नाही. उजव्या दाराच्या खालच्या काचेचा मास्क विसरू नका, तो पंखाच्या सावलीत असतो आणि मॉडेल उलटं केल्याशिवाय नजरेला पडत नाही.